सोल्यांचा हंगाम आणि गर्भार सुनेचं ताट

बाजारात सोले, म्हणजे तुरीचे ओले हिरवे दाणे, आले. हिरवा हरभरा, मेथी, पालक, संत्रा, आवळा, बोरं, भरताची वांगी, सगळं एकदमच. विदर्भात एवढं ताजं आणि एवढं स्वस्त खायला वर्षातल्या दुसऱ्या कोणत्याच महिन्यात मिळत नाही. आणि नेमकं याच दिवसांत घरातल्या गर्भार सुनेला ऐकवलं जातं: सोले वातूळ, संत्रं थंड, तीळ उष्ण, आणि फार खाशील तर पोर मोठं होऊन अडशील. मग तिच्या ताटात उरतं काय? पोळी, आलूची भाजी आणि चहा. वरून मेडिकलमधून आणलेला महागडा पावडरचा डबा. माझं मत स्पष्ट आहे. वजन फारच कमी म्हणून डॉक्टरांनी लिहून दिला असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर तो डबा दुकानातच राहू द्या आणि ते पैसे अंडी, दूध आणि आठवडी बाजारात घाला.

आधी त्या "अडशील"चं बघू. बाई पोटभर जेवली म्हणून पोर अडत नाही. कमी खाल्ल्याने मात्र तिचं रक्त कमी होतं, बाळ कमी वजनाचं होतं, आणि बाळंतपणात रक्तस्राव झाला तर तो सोसायची ताकद तिच्यात उरत नाही. पोर प्रमाणाबाहेर मोठं होतं ते पुष्कळदा आईची साखर वाढलेली असते आणि कोणी तपासलेली नसते म्हणून. दोन जीवांची म्हणून दुप्पट जेवायचं, हेही खरं नाही. चौथ्या महिन्यापासून पुढे रोज साधारण 350 कॅलरी जास्त लागतात. म्हणजे एक ज्वारीची भाकर, वाटीभर घट्ट वरण आणि वर चमचाभर तूप. बस, एवढंच. पण ते रोज आणि वेळेवर, सगळ्यांचं आटोपल्यावर कढईत उरलेलं नव्हे.

आता सोले. तुरीच्या ओल्या दाण्यांत प्रथिनं आहेत, फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) आहे, आणि ते बाधतात ते खाण्याच्या पद्धतीमुळे. गर्भारपणात आतड्यांची चाल मंदावते. डाळवर्गातल्या काही साखरा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात आणि गॅस धरतो. म्हणून सोले दुपारच्या जेवणात खा, रात्री नको. एका वेळी वाटीभर पुरे. शेंग घेताना भरलेली पण हिरवी घ्या. पिवळी पडत आलेली शेंग जून असते, तिचा दाणा कितीही शिजवला तरी दातांखाली कडक लागतो आणि पोटाला जडच जातो. भोक पडलेली शेंग बाजूला काढा, आत अळी असते.

दोन-तीन माणसांपुरती सोले-वांग्याची भाजी अशी करा. दोन वाट्या सोले कढईत चमचाभर तेलावर, सालीवर डाग पडेपर्यंत परता. त्यातले अर्धे पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये भरडा. पार वाटू नका, नाहीतर रस्सा चिकट होतो आणि बुडाला लागतो. दोन चमचे तेलात जिरं, हिंग, सात-आठ पाकळ्या लसूण, बोटाच्या पेराएवढं अद्रक, एक कांदा, हळद, धनेपूड. मिरची एकच, कारण सातव्या महिन्यानंतर तिखटाने छातीत जळजळ होतेच होते. भरड टाकून तेल सुटेपर्यंत परता, मग अख्खे सोले आणि चार लहान वांग्यांच्या फोडी. पाणी गरमच घाला आणि झाकण ठेवून पंधरा मिनिटं मंद आंचेवर शिजू द्या. उतरवल्यावर मूठभर सांबार (कोथिंबीर) आणि अर्धं लिंबू. सोले वेगळे उकडून ते पाणी फेकून देणारे बरेच आहेत. त्या पाण्याबरोबर फोलेट जातं, तसं करू नका.

लिंबू चवीपुरतं नाही. डाळी आणि पालेभाज्यांतलं लोह अंगी लागायला जीवनसत्त्व क लागतं, ते लिंबात, आवळ्यात, संत्र्यात आहे. म्हणून संत्रं खायचं ते जेवणासोबत किंवा लगेच मागून. "थंड पडते" म्हणून ते बंद करणाऱ्यांनी फ्रिजमधलं देऊ नये, उन्हात ठेवलेलं द्यावं, वाद मिटला. आणि जेवणावर चहा मात्र बंद. चहा ते लोह अडवून धरतो, मध्ये निदान तासभर जाऊ द्या.

हरभऱ्याची कोवळी भाजी आणि तिचा घोळाणा (पाला कच्चाच चिरून, तेल-मीठ लावून खातात तो) हे हिवाळ्यातलं खरं सुख. पण घाटेअळीसाठी हरभऱ्यावर फवारणी होते, तशीच शेंगा धरताना तुरीवरही होते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, हे विसरायसारखं नाही. गर्भार बाईने फवारलेल्या वावरात शेंगा तोडायला किंवा भाजी खुडायला जाऊच नये. कधी फवारलं आणि डब्यावर किती दिवस थांबायला सांगितलंय, हे वावर ज्याचं आहे त्याला विचारून मगच ती भाजी घरात आणावी. घोळाणा या नऊ महिन्यांत राहू द्या. मातीतले जंतू कच्च्या पाल्यातून पोटात जातात आणि त्यातले काही थेट बाळापर्यंत पोचतात. तीच भाजी तीन-चार पाण्यांतून धुऊन, बेसन लावून, लसणाच्या फोडणीवर शिजवा. लोखंडी कढईत केली तर उत्तम, पण झाली की लगेच काढून घ्या, कढईत ठेवली तर काळी पडते.

भंडारा-गोंदियाकडे तळ्यातले शिंगाडे येतात. ते उकडूनच खा, आणि कच्च्याची साल दातांनी मुळीच सोलू नका, सालीवर चिकटलेल्या जंतांच्या अळ्या तशाच पोटात जातात. हुरडा खायला हरकत नाही. (ज्वारीचं वावर उरलंय कुठे म्हणा, जिकडेतिकडे कपाशी आणि सोयाबीन.) दोन मुठी हुरडा, जवसाची किंवा फल्लीची (शेंगदाण्याची) चटणी, उकळलेल्या दुधाचं दही, आणि गुळाचा खडा लहानच. संक्रांतीचे एक-दोन तिळगूळ खाल्ल्याने काही बिघडत नाही, साखर वाढलेली नसेल तर. डिंकाच्या लाडवांचे डबे मात्र बाळंतपणानंतरसाठी ठेवा.

मेळघाट-गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं. ते तिथेच बसून खावं. घरी आणलं की चौघांत वाटलं जातं.

गोळ्यांचं वेळापत्रक बहुतेक घरांत चुकतं. लोहाच्या सरकारी गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान 180 दिवस. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर डॉक्टर मात्रा वाढवतात. कॅल्शियमच्या दोन गोळ्या जेवणासोबत, पण लोहाच्या गोळीसोबत कधीच नाही, दोन्हींत दोन तास हवेत. सकाळी नऊला खाण्यासोबत कॅल्शियम, दुपारी तीनला लिंबूपाण्यासोबत लोह, संध्याकाळी सातला जेवणासोबत दुसरं कॅल्शियम, असं बसवा. लोहाच्या गोळीने शौच काळी होते, घाबरू नका. मळमळ किंवा बद्धकोष्ठ झाली तर वेळ बदला, गोळी सोडू नका.

पाण्याकडे थंडीत कोणाचं लक्ष नसतं. संडास अंगणाच्या टोकाला, रात्री कडाक्याची थंडी, उठायला नको म्हणून बाई संध्याकाळपासून पाणीच पीत नाही. मग लघवीला जळजळ, जंतुसंसर्ग, आणि त्यातून दिवस भरायच्या आत कळा. दिवसभरात आठ-दहा पेले कोमट पाणी जायलाच हवं, त्यातलं बरंचसं संध्याकाळी सहाच्या आत. लघवी गडद पिवळी दिसली की कमी पडतंय. रात्री सोबतीला कोणी उठत नसेल तर खोलीत झाकणाचं भांडं ठेवा. यात लाजायचं काय?

ऊब हवीच, पण खोलीचं दार लावून आत कोळशाची शेगडी नको. अर्धवट जळण्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो आणि झळ बाळालाही पोचते. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि घरचे म्हणतात दिवसच तसे आहेत. शेकोटी अंगणात, बसायचं धूर येणार नाही त्या बाजूला, आणि अंगावर नायलॉनची साडी नको. सकाळचं कोवळं ऊन ऊब देतं, पण जीवनसत्त्व ड साठी ऊन चढलेलं लागतं. अकराच्या पुढे हात आणि पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं, तेवढ्यात शेंगाही सोलून होतात.

सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, आपल्या पट्ट्यात, त्यातही पूर्व विदर्भात, पुष्कळ घरांत आहे. ज्या बाईला हा आजार आहे तिला थंडी आणि पाण्याची कमतरता दोन्हींनी वेदनेचा झटका येऊ शकतो, आणि लोहाची गोळी तिने डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. तपासणी झाली नसेल तर नवरा-बायको दोघांचीही करून घ्या.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भार बायांची मोफत तपासणी असते. साखरेची तपासणी तिथेच होते: 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त. आकडा 140 किंवा वर आला तर गूळ-तिळगुळाचा विचार डॉक्टरांशी बोलूनच. पिऊन अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तसं सांगा, तपासणी परत करावी लागते. ते दोन तास काही खायचं नाही, म्हणून भाकर-भाजीचा डबा आणि दोन संत्री सोबत न्या, आणि रक्त देऊन झाल्याबरोबर तिथेच उघडा.