चौथं रहस्य कुणासाठी?

आमच्या घरात कुणी कुणाला तोंडावर काही बोलत नाही. जे काय सुनवायचं ते पवित्र मरियेच्या मार्फत. रोज रात्री साडेआठला, रोझरीच्या वेळी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रोझरी म्हणजे जपमाळेवर करायची मरियेची प्रार्थना. तिच्यात पाच रहस्यं असतात, म्हणजे येशू आणि मरियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग. प्रत्येक रहस्यात एकदा 'हे आमच्या स्वर्गातील बापा' आणि दहा वेळा 'नमो मरिये'. सुरुवातीच्या तीन धरल्या तर एकूण 53 नमो मरिये. आमच्या वसईकडे ही प्रार्थना पूर्वी दिवेलागणीला व्हायची, चर्चची संध्याकाळची घंटा झाली की. आता ती विरार लोकलच्या मर्जीवर होते. आणि प्रत्येक रहस्याआधी एक हेतू सांगायचा असतो, म्हणजे हे रहस्य कुणासाठी अर्पण करायचं ते. आजाऱ्यांसाठी, मृतात्म्यांसाठी, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी. इतकी साधी, सुंदर पद्धत. पण ती माझ्या सासूबाईंच्या हाती पडली.

पहिलं रहस्य मानाने त्यांचं. त्या डोळे मिटतात, जपमाळ बोटांत घेतात आणि अत्यंत कनवाळू आवाजात म्हणतात, "हे रहस्य आपण अशा सर्व घरांसाठी अर्पण करू या, जिथे ताजी मासळी आणून तीन-तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवतात."

आमच्या फ्रीजमध्ये रविवारचे बोंबील आहेत हे घरात सगळ्यांना माहीत असतं. पण उत्तर कसं देणार? प्रार्थना सुरू झालेली असते. त्यातून रोझरीची रचनाच अशी की पहिला अर्धा भाग सांगणाऱ्याने म्हणायचा आणि उरलेला बाकीच्यांनी. सासूबाई म्हणणार, "नमो मरिये..." आणि मी गुडघ्यांवर बसून, बोंबील डोळ्यांसमोर आणत, एकदा नाही दहा वेळा म्हणणार, "आम्हां पाप्यांसाठी विनंती कर." कबुलीजबाब घ्यायला फादरसुद्धा इतका वेळ घेत नाहीत.

दुसरं रहस्य माझं. मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. "हे रहस्य," मी म्हणते, "ज्यांना डायबेटिस आहे आणि तरीही कपाटात साड्यांच्या खाली सुकेळी लपवून ठेवतात, अशा सर्व वडीलधाऱ्यांच्या आरोग्यासाठी." सासूबाईंचा एक डोळा उघडतो. सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेली आमची वसईची मिठाई, आणि तिच्यापुढे डॉक्टर, औषध, पोप, कुणाचंच चालत नाही.

7 ऑक्टोबर 1571 ला लेपांतोच्या आरमारी लढाईत ख्रिस्ती आरमार जिंकलं ते रोझरीच्या बळावर, असं मानतात. म्हणून त्या तारखेला जपमाळेच्या मातेचा सण असतो. रोझरी लढाईत चालते, हे आमच्याकडे कुणाला वेगळं शिकवावं लागलं नाही.

तिसरं रहस्य नवऱ्याचं. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बायको, समोर आल्तार, म्हणजे आमचा देव्हारा. तो रोज एकच हेतू सांगतो, "विश्वशांतीसाठी." संयुक्त राष्ट्रसंघानेही इतक्या सातत्याने विश्वशांती मागितली नसेल. मागून झाली की तो सोफ्याच्या कडेला कपाळ टेकवतो. आपल्याला वाटतं, किती तल्लीन झालाय! चर्चगेटपासून उभ्याने आलेला माणूस तो. परवा सगळ्यांचं "आमेन" झालं आणि पाठोपाठ त्याचा खोल आवाज आला, "पुढील स्टेशन, नायगाव."

चौथं थोरल्याचं. वायफायचा पासवर्ड बदलणाऱ्या आईबापांचं हृदयपरिवर्तन व्हावं, हा त्याचा कायमचा हेतू. व्हॅटिकनने 2019 साली स्मार्ट जपमाळ काढली, मनगटात घालायची, क्रुसाची खूण केली की चालू होणारी, हे त्याने कुठूनसं शोधून काढलं आणि तेव्हापासून त्याची भक्ती अचानक वाढली. किंमत 99 युरो आहे म्हटल्यावर त्याच्या पप्पांचीही वाढली. ते म्हणाले, लाकडी मण्यांत जी सात्त्विकता आहे ती ब्लूटूथमध्ये नाही.

पाचवं धाकटीचं, आणि ते संपत नाही. ती कोंबड्यांसाठी मागते, वाडीतल्या लंगड्या कुत्र्यासाठी मागते, विहिरीतल्या कासवासाठी मागते. गणिताच्या टीचरसाठीही मागते: त्या आजारी पडू नयेत, फक्त उद्या येऊ नयेत.

गुरुवारी आणखी अर्धा तास जातो. सासूबाईंना आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची अशी पाच-पाचांची जुनी पंधरा रहस्यं तोंडपाठ; वारानुसार त्यांतली पाच म्हणायची. पण 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांत प्रकाशाची पाच घातली आणि ती गुरुवारला दिली. तेव्हापासून दर गुरुवारी आधी पुस्तक शोधायचं, मग चष्मा, मग चष्मा शोधायला लागणारा टॉर्च. प्रकाशाची रहस्यं आमच्याकडे टॉर्चवर चालतात. हे सगळं होईपर्यंत कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात आणि भाताची पेज होते. ती शुक्रवारी कुणाच्या तरी हेतूत येतेच.

यानंतर लितानी. मरियेची एकेक बिरुदं घ्यायची आणि सगळ्यांनी "आम्हांसाठी विनंती कर" म्हणायचं. सासूबाई डॉक्टरांच्या सल्ल्याने खुर्चीवर, आम्ही लादीवर. दाविदाचा बुरूज, हस्तिदंताचा बुरूज इथपर्यंत आलो की माझे गुडघे बोलू लागतात. "यात वसई किल्ल्याचा बुरूज का नाही?" धाकटीने एकदा विचारलं. मला पटलं होतं, पण यादी लांबेल या भीतीने मी गप्प बसले. पोप फ्रान्सिस यांनी 2020 साली तीन बिरुदं आणखी वाढवली आहेत. त्यांना गुडघेदुखी होती, हे लक्षात घेता मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

हे सारं घरातल्या घरात चाललं होतं तोवर ठीक होतं. पण ऑक्टोबर हा रोझरीचा महिना. मरियामातेची मूर्ती वाडीत रोज एका घरी जाते आणि सगळी वाडी तिच्या मागोमाग. यंदा आमची पाळी आली. आल्तारावरचे बल्ब बदलले, झावळ्यांच्या रविवारचा वाळका क्रूस तसबिरीमागे नीट खोचला, चणे उकडले, शेजारून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. ओटीपासून अंगणापर्यंत माणसं. सेविकाबाईंनी रहस्यं वाटली आणि चौथं दिलं सासूबाईंना.

आता इथे एक सांगायला हवं. आम्ही दोघं स्टेशनजवळ फ्लॅट बघत होतो. घरात अवाक्षर काढलं नव्हतं. पण धाकटीने आदल्या आठवड्यात कासवानंतर आणि टीचरच्या आधी, "माझ्या नव्या खोलीला खिडकी मोठी असू दे" असं मागितलं होतं. मला वाटलं, कुणाच्या लक्षात आलं नाही.

सासूबाईंनी डोळे मिटले. "हे रहस्य," त्या म्हणाल्या, "जे आपली वाडी, आपली विहीर आणि घरातलं म्हातारं माणूस सोडून सातव्या मजल्यावर राहायला निघालेत त्यांच्यासाठी. त्यांची लिफ्ट कधी बंद पडू नये."

सबंध वाडीने असं मन लावून नमो मरिये म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. पापी लोकांसाठीचा भाग तर थेट माझ्याकडे बघून.

पाचवं रहस्य नवऱ्याकडे होतं. सगळी डोकी वळली. त्याने कपाळावरचा घाम पुसला.

"विश्वशांतीसाठी."

चणे वाटताना तिघांनी मला फ्लॅटच्या कार्पेट एरियाचा भाव विचारला आणि एका काकांनी आपल्या मेव्हण्याचं कार्ड दिलं, तो एजंट आहे म्हणे. सासूबाईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि चष्म्याच्या घरात ठेवून दिलं.

"बघायला जाल तेव्हा मला घेऊन चला," त्या म्हणाल्या. "आणि दुसऱ्या मजल्याच्या वर बघू नका. माझे गुडघे काही तुझ्यासारखे नाहीत."