१९, ३० की ४५?

खडकी बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचा कट्टा. संध्याकाळी साडेसहाला सगळ्यांत आधी नाना येऊन बसतात. नाना अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत तपासणीला होते. निवृत्तीला नऊ वर्षं झाली, पण सहा इंची पोलादी पट्टी अजून शर्टाच्या खिशात असते. परवा ती बाहेर निघाली आणि पुढचे दोन तास कोणी घरी जायचं नाव घेतलं नाही.

निमित्त बंटीचं. पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय, रोज पहाटे सोळाशे मीटर पळतो. त्याने लष्कराच्या नव्या कार्बाइनची, म्हणजे आखूड नळीच्या बंदुकीची, बातमी काढली. ४ लाख २५ हजार नग, त्यातला मोठा वाटा आपल्या पुण्याच्या भारत फोर्जचा, आराखडा पाषाणच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेचा आणि काडतूस ५.५६ बाय ४५. बंटी म्हणाला, "काका, लष्कराने ४५ घेतलं. मग पोलिसांच्या हातात अजून नऊ एमएम कशाला?"

हे ऐकून मामा उसळले. मामा राज्य राखीव दलातून निवृत्त झालेले. आयुष्यभर खांद्याला नऊ एमएम कार्बाइन. "कशाला म्हणजे? तू ती कधी चालवलीयस का?"

"थांबा, आधी पोराला आकडे कळू द्या," म्हणत नानांनी विटेचा तुकडा उचलला आणि पट्टी लावून कट्ट्याच्या दगडावर एकाखाली एक चार रेघा ओढल्या. १९ मिलिमीटर, ३०, ४५ आणि ५६. "५.५६ बाय ४५ मधला पहिला आकडा गोळीची जाडी, दुसरा पुंगळीची, म्हणजे गोळीमागच्या दारू भरलेल्या नळकांडीची लांबी. वरची रेघ नऊ एमएम, तळाची थ्री नॉट थ्री. मधल्या दोघींची जाडी एकच, ५.५६. म्हणजे भांडण गोळीचं नाहीच. पुंगळीत दारू किती मावते, त्याचं आहे."

मला ही मांडणी फार पटली. मी तीस वर्षं नववी-दहावीला भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे पुढचा हिशोब माझ्याकडे आला. नऊ एमएमची गोळी साधारण ८ ग्रॅमची, कार्बाइनमधून सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास निघते. ५.५६ बाय ४५ ची गोळी ४ ग्रॅमची, पण लांब नळीच्या रायफलीतून सेकंदाला ९०० मीटरने जाते. वजन निम्मं, वेग सव्वादोन पट. गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, म्हणून एकीकडे ६४० ज्यूल आणि दुसरीकडे १६२०. कापडी थरांचं बुलेटप्रूफ जाकीट नऊ एमएमला अडवतं. रायफलीच्या गोळीला अडवायचं तर आत सिरॅमिकची किंवा पोलादाची कडक प्लेट घालावी लागते.

"झालं मग! ४५ च घ्यायची," बंटी म्हणाला.

"लांब नळीच्या रायफलीतून, असं म्हणाले ना सर?" नानांनी त्याला अडवलं. पुंगळीतली दारू जळायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ गोळी नळीत असावी लागते. लष्कराच्या इन्सास रायफलीची (तीही ५.५६ बाय ४५ चीच) नळी जवळजवळ दीड फुटाची. कार्बाइन जीपमधून उतरताना, जिन्यात, दारात वळवायची असते, म्हणून तिची नळी फुटाच्या आतबाहेर. नळी कापली की उरलेली दारू तोंडाबाहेर जळते. वेग शंभराहून जास्त मीटरने उतरतो आणि बंद खोलीत डोळ्यांपुढे जाळ, कानात दडा. हलकी ४ ग्रॅमची गोळी सगळं काम वेगाच्या जोरावर करते. तिचा वेगच काढून घेतला की रायफलीचं काडतूस वागवूनही रायफलीचं काम पुरतं होत नाही. अमेरिकेत यावरच तोडगा म्हणून .३०० ब्लॅकआउट निघालं. ५.५६ चीच पुंगळी कापून आखूड केली, तिच्यात जाड आणि जड गोळी बसवली. दारू नऊ इंचांच्या नळीतही जळून जाते, आणि बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा पोलादी दांडा) आणि मॅगझिन तेच ठेवून फक्त नळी बदलली की झालं.

आता सुभेदारसाहेब बोलले. ते पायदळातले, मोजकंच बोलतात. "नाना, तुमचं प्रयोगशाळेत बरोबर. पण डोंगरावर दारूगोळ्याची पेटी पाठीवरून जाते. रायफलवाल्याचं आणि कार्बाइनवाल्याचं काडतूस एकच असेल, तर संपलं की शेजाऱ्याकडून घेता येतं. लष्कराने ३० नाकारून ४५ चा हट्ट धरला तो यासाठी. मला तो हट्ट योग्य वाटतो."

"साहेब, पण आता रायफली तरी एका काडतुसाच्या कुठे राहिल्या?" मी विचारलं. अमेठीजवळ कोरव्याला बनते ती एके-२०३ चालते ७.६२ बाय ३९ वर. २०१९ मध्ये ७२ हजार ४०० सिग ७१६ घ्यायचं ठरलं, त्या ७.६२ बाय ५१ च्या. जोडीला इन्सास आहेच. एका पेटीचा मुद्दा इन्साससोबत भक्कम होता. एके-२०३ वाल्या तुकडीत ४५ ची कार्बाइन गेली, की पेट्या दोन होणारच. सुभेदारसाहेब जरा वेळ रेघांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे मला खुपतं. पण म्हणून तिसरी पेटी वाढवू नका."

तिसरी पेटी म्हणजे दुसरी रेघ, ३० मिलिमीटरची. हिच्याबद्दल खडकीत बोलताना आवाज जरा मऊ होतो, कारण हे काडतूस आमच्या फॅक्टरीत बनतं. एआरडीईने आखलेली, कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत तयार होणारी जेव्हीपीसी ही कार्बाइन याच काडतुसावर चालते. वजन तीन किलो, मिनिटाला ७०० हून जास्त फैरींचा वेग, मारा शंभर मीटरच्या पुढे. ७ डिसेंबर २०२० ला लष्करी चाचण्यांचा शेवटचा टप्पा पार पडला. गृह खात्याच्या चाचण्यांत ती आधीच उत्तीर्ण होती. आखूड नळीला पेलेल इतकीच दारू पुंगळीत घालायची, हा त्यातला विचार मला शहाणपणाचा वाटतो. बाहेर बेल्जियमने पी-९० या आखूड बंदुकीसाठी ५.७ बाय २८ आणि जर्मनीने तशाच एमपी-७ साठी ४.६ बाय ३० काढलं तेही याच वाटेने. दोघांपुढे नाटोची कसोटी होती: १.६ मिलिमीटरचा टायटॅनियमचा पत्रा आणि मागे केवलार या चिलखती कापडाचे वीस थर भेदता आले पाहिजेत.

मामांचा राग अजून उतरला नव्हता. "पत्रे भेदा तुम्ही. मला सांगा, स्टेशनवर गोळी चुकली तर कुठे जाते?"

सगळे गप्प झाले. स्टेशन म्हटलं की आमच्या वयाच्या माणसाला एकच रात्र आठवते. २६ नोव्हेंबर २००८. सीएसएमटीच्या त्या दालनात समोर एके-४७ आणि रेल्वे पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्री. रेल्वे सुरक्षा दलाच्या जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातातली रायफल घेऊन गोळी झाडली. पुढे गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळे यांनी फक्त लाठी असताना कसाबच्या बंदुकीला मिठी घातली. त्या रात्रीचं नाव काढलं की बंटीसारखी पोरं म्हणतात, मोठं काडतूस हवं होतं. मला वाटतं, तिथे हवं होतं ते चटकन खांद्याला लागणारं, दुसरी गोळी लगेच सुटणारं आणि चालवणाऱ्याच्या हातात बसलेलं हत्यार. दर गोळीला बोल्ट मागेपुढे ओढायला लावणारी, साडेतीन-चार किलोची लांबडी रायफल गर्दीत हे देऊ शकत नाही, तिची पुंगळी चौघींत सगळ्यांत लांब असली तरी.

पण नऊ एमएम सगळीकडे पुरते असंही नाही. बंटीला मी लॉस एंजलिसची हकिकत सांगितली. २८ फेब्रुवारी १९९७, नॉर्थ हॉलिवूडमधल्या बँकेवर दोन दरोडेखोर अंगभर चिलखत घालून आले. पोलिसांकडे नऊ एमएम पिस्तुलं आणि शॉटगन. गोळ्या लागत होत्या आणि माणसं उभीच राहत होती. शेवटी पोलिसांना जवळच्या बंदुकांच्या दुकानातून रायफली उचलाव्या लागल्या. त्यानंतर तिथल्या गस्तीवरच्या पोलिसांना लष्कराच्या जुन्या एम-१६ मिळाल्या.

"आणि भिंतीचं काय?" मामांनी विचारलं. इथे मलाही पूर्वी चुकीचं वाटायचं. वेगवान गोळी भिंतीतून जास्त जाणार, असा आपला सरळ अंदाज. अमेरिकेत घरांच्या जिप्समच्या भिंतींवर केलेल्या चाचण्यांत उलटं दिसलं. ५.५६ ची हलकी गोळी एक-दोन भिंतींत कोलमडते, तुटते. नऊ एमएमची जड, संथ गोळी न डळमळता पुढच्या खोलीत जाते. मामांना हे आवडलं नाही. "आमच्याकडे भिंती विटांच्या," ते म्हणाले, आणि ते खरंच आहे. शिवाय गर्दीत भिंत नसतेच, माणसाच्या मागे माणूस असतो.

म्हणून माझं मत मी तिथेच सांगून टाकलं. पोलीस म्हणजे एकच काम नव्हे. गडचिरोलीत १९९० पासून सी-६० या नक्षलविरोधी पथकाचे जवान बांबूच्या रानात फिरतात. तिथे समोरचा किती अंतरावर निघेल याचा नेम नाही, पाल्यातून गोळी जायची असते. त्यांना रायफलीचंच काडतूस हवं. शहरातल्या शीघ्र कृती पथकाला जाकीटवाला भेटू शकतो, त्यांना ३० द्या. ठाण्यातल्या, स्टेशनवरच्या शिपायाला नऊ एमएमच ठेवा, पण चांगल्या हत्यारात. जुन्या कार्बाइनचा बोल्ट उघडा राहतो. घोडा दाबला की तो जड बोल्ट पुढे धावतो आणि नेम तिथेच हलतो. दोष हत्याराचा, बोल लागला काडतुसाला. एआरडीई आणि महूच्या इन्फंट्री स्कूलने केलेली 'अस्मि' ही आखूड बंदूक नऊ एमएमचीच आहे, आणि लष्कराने ती घेतली.

"मत राहू द्या सर," नाना म्हणाले. "मी एवढंच बघेन की मागणीपत्रात सरावाची काडतुसं किती लिहिलीत. नऊ एमएम जगात १९०२ पासून आहे, मिळते सगळीकडे. नवं काडतूस घेतलंत तर दर वर्षीचा सराव त्याच एका कारखान्यावर टांगलेला."

हा मुद्दा कट्ट्यावर कोणीच खोडला नाही. २६/११ नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीनेही सरावाच्या गोळ्यांच्या टंचाईवर बोट ठेवलं होतं. मामांनी मग आपली गोष्ट सांगितली, आवाज चढवला नाही. एका वर्षी चांदमारीला, म्हणजे नेमबाजीच्या सरावाला गेले, मॅगझिनमध्ये मोजून दहा गोळ्या. झाडून झाल्यावर गवतात वाकून रिकाम्या पुंगळ्या शोधायच्या, दहाच्या दहा जमा करायच्या. नऊच सापडल्या. "नेम शिकायला पाच मिनिटं मिळाली. दहावी पुंगळी शोधण्यात दुपार गेली."

बंटीने विचारलं, "मग भरती झाल्यावर मी काय करू? गोळ्या मिळाल्याच नाहीत तर?"

"रिकाम्या हत्याराने कर. रोज शंभर वेळा खांद्याला लाव." मामांनी नानांची छत्री उचलून त्याच्या हातात दिली आणि उभं केलं. बंटीने छत्री खांद्याला लावली. मामांनी त्याचं कोपर धरून खाली दाबलं. "पसरू नको. दारातून आत जाताना हेच पहिल्यांदा दिसतं. पुन्हा."