एबनीची मूठ बॉल पॉट करत नाही

स्नूकर खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर बरीच वर्षं फिरतोय. थोडक्यात असा: खरा क्यू (बॉल मारायची काठी) म्हणजे अ‍ॅशच्या लाकडाचा, वन-पीस (मध्ये उघडणारा जोड नसलेला), हाताने स्प्लाइस केलेला (दोन लाकडं सांधलेला), एबनी या काळ्या लाकडाच्या मुठीचा. त्यावर लाकडाच्या रेषांचे बाण जितके जास्त, तितका तो सरळ मारतो. मेपलचं लाकूड लवचिक, म्हणून नको. घेताना टेबलावर लोळवून पाहा, डगमगला तर परत करा. शेवटी पुरावा म्हणून सात वेळचा विश्वविजेता स्टीफन हेंड्री: क्यू तुटला आणि करिअर संपली. नवी पोरं हे वाचून घरच्यांना भलत्याच खर्चात पाडतात.

आधी हँड-स्प्लाइस. यात अ‍ॅशच्या दांड्याच्या मागच्या टोकाला रंध्याने तिरके सपाट उतार काढतात. त्यावर समोरासमोर एबनीचे दोन तुकडे चिकटवतात, वाळले की पुन्हा तासतात, मग उरलेल्या दोन बाजूंना आणखी दोन. शेवटी सगळं हाताने गोल करतात. म्हणून त्या काळ्या पाकळ्यांची टोकं गोलसर आणि थोडी कमी-जास्त उंचीची येतात. मशीन-स्प्लाइसमध्ये दोन्ही लाकडांत करवतीने खाचा पाडून ती एकमेकांत बसवतात आणि लेथवर चढवतात. तिथे टोकं अणकुचीदार, अगदी एकसारखी. पहिलं काम कष्टाचं आहे, देखणं आहे, आणि त्याची किंमत मोजणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण दोन्ही जोड नीट चिकटवले असतील तर पक्केच असतात, आणि बॉलला त्यांचा पत्ता लागत नाही.

का लागत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. टिप (क्यूच्या टोकावरचं चामडं) आणि व्हाइट (क्यूने मारायचा पांढरा बॉल) यांचा स्पर्श एका सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरता टिकतो, फार तर त्याच्या दुप्पट. मधोमध मारलं तर प्रश्नच नाही. साइड लावली, म्हणजे बॉल मधोमध न मारता डावीकडे किंवा उजवीकडे मारला, की टिप बॉलला किंचित आडवी ढकलते, बॉल तिला उलट ढकलतो, आणि व्हाइट आपण धरलेल्या रेषेवरून साइडच्या विरुद्ध अंगाला सरकतो. किती सरकतो, हे त्या क्षणात क्यूचं किती वस्तुमान आडवं हलवावं लागतं त्यावर ठरतं. एवढ्याशा वेळात तो आडवा हादरा टोकाकडच्या काही इंचांपर्यंतच पोहोचतो. मुठीतल्या एबनीला बातमी मिळेपर्यंत व्हाइट निघून गेलेला असतो.

म्हणजे बोलायचं तर पुढच्या वीतभर भागाबद्दल बोलावं: टिपचा व्यास, चामडं कडक की मऊ, पितळी फेरूल (टिपखालचं कडं) केवढं आणि किती जड, टोकाला लाकडाची जाडी किती. स्नूकरची टिप बहुधा साडेनऊ ते दहा मिलिमीटरची. ती बारीक केली आणि फेरूल हलकं बसवलं की व्हाइट कमी सरकतो. हा फरक नगण्य नाही. रेषा एका अंशाने चुकली तर तीन मीटरवर बॉल सुमारे ५२ मिलिमीटर बाजूला जातो, म्हणजे जवळजवळ एका अख्ख्या बॉलइतका. मूठ काहीच करत नाही असं मात्र नाही. एबनी जड, पाण्यात बुडणारं लाकूड. ते वजन मागे आणतं आणि तोल ठरवतं. हलक्या लाकडाच्या मुठीत तेच काम शिशाचा तुकडा करतो.

बाणांचं तर सोपं आहे. अ‍ॅशच्या वाढवलयांच्या रेषा ठळक असतात. निमुळता दांडा तासताना त्या तिरक्या कापल्या जातात आणि बाणासारख्या दिसतात. त्यांचा उपयोग एकच: क्यू रोज त्याच बाजूने वर धरता येतो. त्याला दोन बाणही पुरतात.

मेपलवरचा आळसुद्धा ऐकीव. हार्ड मेपल आणि अमेरिकन व्हाइट अ‍ॅश यांच्या ताठपणाचे आकडे जवळपास सारखे आहेत. एकाच जातीच्या दोन फळ्यांत त्याहून जास्त फरक निघू शकतो. खरा खेळ जाडीचा. गोल दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून साडेनऊऐवजी दहा मिलिमीटर केलं की त्या जागी तो २० टक्क्यांहून अधिक वाढतो. तुमचा मेपल वाकतो तो बारीक तासलाय म्हणून.

वन-पीसचा आग्रह मला अर्धा पटतो. मधोमध जोड असेल तर तिथे पितळेचं वजन येतं, हाताला ते जाणवतं. पण थ्री-क्वार्टर क्यूत जोड मागे, मुठीजवळ असतो आणि पुढचा सगळा दांडा सलगच. नियमांना तर जोडाचं काहीच पडलेलं नाही. क्यू किमान तीन फुटी आणि रूढ आकाराचा हवा, एवढंच ते सांगतात. याच्या मागे १९३८चा एक किस्सा आहे. लंडनला अ‍ॅलेक ब्राउन या खेळाडूने अडचणीच्या जागेतून मारायला खिशातून चक्क टिप बसवलेली एबनीची छोटीशी पट्टी काढली होती! फाउल मिळाला, आणि पुढे लांबीचा नियम आला.

लोळवून पाहणं हे सगळ्यात फसवं. रंध्याने केलेला क्यू काटेकोर गोल नसतो, त्यामुळे सरळ असूनही डगमगतो. लेथवरचा गुळगुळीत लोळेल. गंमत म्हणजे ज्या हातकामाचं मजकुरात एवढं कौतुक, तेच या परीक्षेत नापास होणार. त्यापेक्षा एक डोळा मिटून मुठीकडून टिपकडे पाहा, फिरवत फिरवत.

राहिला हेंड्री. त्याने सातही विश्वविजेतेपदं ज्या क्यूने जिंकली, तो त्याने लहानपणी घेतलेला, जुना खेळाडू रेक्स विल्यम्स याच्या नावाचा, ४० पौंडांचा क्यू होता. २००३ मध्ये विमानप्रवासात तो तुटला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नव्या क्यूने त्याने रॉनी ओसुलिव्हनला ९-६ हरवून ब्रिटिश ओपन जिंकली. सवयीचा क्यू गेल्याचा त्याला त्रास झालाच असेल. पण सातवं विश्वविजेतेपद १९९९चं. त्यानंतरच्या चार विश्वस्पर्धा तो त्याच जुन्या, शाबूत क्यूने हरला होता.