साखर सोडली म्हणून हर-टू उपाशी मरत नाही

स्तनाच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅब या औषधाच्या तिसऱ्या डोसच्या आदल्या संध्याकाळी मावशीने, "उद्या मी इंजेक्शन घेणार नाही," असे जाहीर केले आणि कारण म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मजकूर मला पाठवला. ट्रास्टुझुमॅब चांगल्या पेशीही मारते, हर-टू रिसेप्टर (पेशीच्या पृष्ठभागावरचे, तिला वाढीचा आदेश देणारे प्रथिन) साखर-दुधावर पोसतो म्हणून ती सोडावीत, औषधाने हृदय निकामी होते आणि आयुष्य जेमतेम चार-पाच महिने वाढते, असा त्याचा दावा आहे.

यातला साखर-दुधाचा मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो वाचून माणूस उपचार सोडतो. वाढीचे बहुतेक रिसेप्टर बाहेरून येणारा रेणू चिकटला की जागे होतात. पण हर-टूला चिकटणारा असा स्वतःचा रेणू आजवर सापडलेलाच नाही. १७व्या गुणसूत्रावरील त्याच्या जनुकाच्या प्रती भरमसाट वाढल्या की पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टरांची इतकी दाटी होते, की ते आपसांतच जोड्या जुळवून पेशीला विभाजनाचा आदेश देत राहतात. ज्याला जागे व्हायला बाहेरून काही लागतच नाही, त्याची उपासमार कशी करणार? केमोने आधीच अशक्त झालेल्या बाईच्या आहारातले दूध तेवढे बंद होते.

ट्रास्टुझुमॅब हर-टूलाच चिकटून त्याला रोखते. चांगल्या पेशींवरही हर-टू असतो, हे खरे, पण थोडा. म्हणून तर गाठीत हर-टू जास्त आहे का, याची आधी तपासणी होते आणि स्तनाच्या कर्करोगाच्या १०० रुग्णांपैकी साधारण १५ ते २० जणींनाच हे औषध दिले जाते.

चार-पाच महिन्यांचा आकडा शरीरभर पसरलेल्या आजारावरील २००१च्या चाचणीतून उचललेला दिसतो. तिथे सरासरी आयुष्य सुमारे २० महिन्यांवरून २५ महिन्यांवर गेले होते. मावशीचा आजार पसरलेला नाही. तिला लागू पडतात ते 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २००५ साली आलेले ३,३५१ रुग्णांचे निष्कर्ष: शस्त्रक्रियेनंतर केमोसोबत हे औषध दिल्यावर आजार उलटण्याचे प्रमाण निम्म्यावर आले आणि मृत्यू एक-तृतीयांशाने घटले.

राहिला हृदयाचा मुद्दा, आणि तो मला नाइलाजाने अर्धा मान्य करावा लागतो. काहींच्या हृदयाची ताकद या औषधाने खरोखर कमी होते, विशेषतः आधी डॉक्सोरुबिसिन हे केमोचे औषध घेतलेले असेल तर. मात्र औषध थांबवल्यावर ती बहुधा सुधारते. म्हणूनच मावशीच्या फाइलमध्ये दर तीन महिन्यांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) करण्याची सूचना आहे. ते पान मी तिला आज रात्रीच वाचून दाखवणार आहे, कारण इंजेक्शनची वेळ सकाळी नऊची आहे.