आढळले नाही!

मागच्या आठवड्यात आमच्या बोअरच्या पाण्याचा अहवाल आला. बारा रकाने, त्यांतल्या आठांत एकच शेरा: ‘आढळले नाही’. सही आहे, शिक्का आहे. बोअरपाशी उभं राहिलं की औष्णिक प्रकल्पाचं राखेचं तळं दिसतं, तेही अहवालात कुठं आढळलं नाही. तेव्हापासून मी या कलेचा भक्त झालोय. तुमच्या शेजारी वीज प्रकल्प येणार असेल आणि पाणी ‘तपासून’ घ्यायचं असेल, तर या गोष्टी गाठीला बांधा.

प्रकल्प उभा राहण्याआधी पाण्याला हातही लावू नका. आधीचा आकडाच नसला की नंतरच्या प्रत्येक आकड्यावर ‘हे इथल्या खडकातलंच’ म्हणता येतं. खडक बिचारा जनसुनावणीला येत नाही.

नदीचे दोन्ही नमुने सांडपाण्याच्या तोंडाच्या वरच्या अंगाला घ्या. खालच्या अंगाला बूट खराब होतात.

भूजल कुठल्या दिशेला वाहतं, ते शोधत बसू नका. त्यासाठी किमान तीन विहिरींच्या पातळ्या मोजाव्या लागतात. एवढं चालायचं कुणी?

राखेच्या तळ्याशेजारी ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतला जिवाणू, जरूर तपासा. बोरॉन आणि सल्फेट मात्र विसरा, राखेतून तेच भराभर पाण्यात उतरतात. चुगलखोरांना कुणी बोलावतं का?

मोटर सुरू केली की पहिल्याच धारेखाली बाटली धरा. सामू (पीएच), तापमान, विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत उपसा करायचा आणि मग नमुना घ्यायचा, हे पुस्तकात ठीक आहे. पाइपात रात्रभर निपचित पडलेलं पाणी साक्षीला पुरतं.

आता बाटली. खरी कला इथं. आमच्याकडे आलेल्या साहेबांनी कुणाची तरी वापरलेली बाटली आणली होती, झाकणाला अजून गोड वास येत होता. आम्लाचा थेंब नाही. धातू तपासायचे असतील तर नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणायचा असतो. कारण भूजलाला हवा लागली की त्यात विरघळलेलं लोह तांबूस गाळ होऊन खाली बसतं, आणि एकटं बसत नाही, अर्सेनिकलाही ओढून नेतं. काही धातू बाटलीच्या भिंतीलाच चिकटतात. वरचं नितळ पाणी यंत्रात जातं, विष बाटलीत राहतं, बाटली कचऱ्यात जाते. सुटलो! बर्फाची पेटी कुठाय म्हणून विचारलं, तर म्हणाले, “काका, पाणी काय नासतंय का?” नासतं हो! नायट्रेट ४८ तासांत तपासावं लागतं, जिवाणू त्याच्याही आधी. आमची बाटली भर उन्हात गाडीच्या डिकीत राहिली आणि प्रयोगशाळेत पोचली पाचव्या दिवशी. हे मी नाही म्हणत, अहवालावर दोन्ही तारखा छापल्यात. लपवायचीसुद्धा गरज वाटली नाही यांना!

एवढं करूनही काही सापडेल अशी भीती असेल, तर यंत्र जरा अधूच घ्या. पिण्याच्या पाण्यात अर्सेनिक किती चालेल, तर जागतिक आरोग्य संघटना म्हणते, लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. आमच्या अहवालाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, यंत्राची शोधमर्यादा, म्हणजे ज्याच्या खालचं त्याला दिसतच नाही तो आकडा, लिहिलीय: ०.०५. म्हणजे पाण्यात चौपट अर्सेनिक असलं तरी कागदावर काय येणार? ‘आढळले नाही’.

जाऊ दे, मला नाही जमत आता हसून बोलायला. जे दिसूच नये अशी सोय तुम्ही केलीत, ते दिसलं नाही म्हणून शिक्का मारता? सही ठोकणाऱ्याने हेच पाणी आपल्या लेकराला पाजलं असतं का? आणि आपणही कमी नाही. दारात गोड वासाची बाटली भरली जात होती, मी बघत उभा होतो. कागद आला तो फडताळात टाकला, तळाची ओळ वाचायला मला आठवडा लागला. तुमच्याही फडताळात असा कागद असेल. काढा तो. नमुना कधी घेतला, कधी तपासला, शोधमर्यादा किती, बघा. लिहिलेलं नसेल तर जाऊन विचारा, टाळलं तर पुन्हा जा.

आणि साहेब, पुढच्या खेपेला बर्फ घेऊन या. आम्ल आणा, कोऱ्या बाटल्या आणा. मोटर मी पहाटेच चालू करून ठेवतो.