ट्रक कसा निवडावा, दार न उघडता

अमेरिकेत पंधरा-वीस वर्षं काढली, घराचे हप्ते अंगवळणी पडले, मागच्या अंगणातलं गवत कापून कंटाळा आला, की मराठी माणसाला एका शनिवारी साक्षात्कार होतो: आपल्याला तीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, हवा. मोटेलच्या खोलीत मोहरी तडतडली की धुराची घंटा वाजते, हे त्यामागचं खरं कारण. सांगताना मात्र ‘निसर्ग’ असं सांगावं.

ट्रेलर आधी घ्या. तो ओढणारा ट्रक, म्हणजे मागे हौदा असलेली पिकअप, नंतर बघू. आपले आजोबा बाजारात आधी बैल बघायचे, दात मोजायचे, वशिंडावर हात फिरवायचे, आणि मग त्या बैलांना झेपेल एवढीच गाडी भरायचे. पण त्यांच्या वेळी ३.९९ टक्के व्याजाची कर्जयोजना नव्हती.

ट्रेलरचं वजन विचारलंत तर विक्रेता ‘ड्राय वेट’ सांगेल. समजा, ६,८०० पौंड. हे उपाशीपोटी, अनवाणी काट्यावर उभं राहून केलेलं वजन. त्यात टाकीतलं पाणी नाही, तुमचं सामान नाही, बहुतेकदा बॅटरीसुद्धा नाही. पाण्याचा एक गॅलन साधारण ८.३ पौंडांचा, म्हणजे ५० गॅलनची टाकी भरली की चारशेहून जास्त पौंड तिथेच. पुढे दोन कुकर, पोळपाट, दहा किलो तांदूळ, घडीच्या खुर्च्या आणि ‘असू दे, लागेल’ या सदरात मोडणारं सगळं. आठ हजार पौंड कधी झाले ते कळतही नाही. तुम्ही मात्र ६,८०० लाच धरून बसा. वजन आणि वय, दोन्हींत जुना आकडा सांगितलेला चालतो.

आता ट्रक. इथे जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा हाच खरा, अशी श्रद्धा ठेवा. फोर्डच्या एफ-१५० च्या माहितीपत्रकात तुम्हाला १३,५०० पौंड ओढण्याची क्षमता दिसेल. खाली बारीक अक्षरांत ‘विशिष्ट इंजिन, विशिष्ट अ‍ॅक्सल, विशिष्ट पॅकेज’ असं काहीबाही लिहिलेलं असतं. ते वाचायला चष्मा लागतो, म्हणून वाचू नये. हे आकडे ज्या जे-२८०७ नावाच्या मानकाने काढतात, त्यात अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा लांबलचक चढ, भर उन्हाळा आणि पूर्ण जोरात चालू असलेला एसी, असं सगळं कडक आहे. ट्रकमध्ये माणसं मात्र दोनच, दीडशे-दीडशे पौंडांची. त्यांना मुलं नाहीत. त्यांची आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली नाही.

सगळ्यांत महत्त्वाची सूचना: चालकाचं दार उघडल्यावर खांबावर जो पांढरा-पिवळा स्टिकर दिसतो, त्याकडे बघू नका. ‘माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये’ असं त्यावर लिहिलेलं असतं. माहितीपत्रक एका ट्रकचं गुणगान गातं. स्टिकर नेमका तुमच्याच ट्रकबद्दल बोलतो. कुंडलीसारखा. म्हणून दार पटकन लावून घ्यावं.

कारण पाहिलंत, तर पुढचा हिशेब डोक्यात शिरतो. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार ट्रकच्या मागच्या बाजूवर टेकतो. बैलगाडी हाकलेल्याला हे सांगावं लागत नाही. जुवावर भार कमी पडला तर गाडी उलाळ होते, जास्त पडला तर बैल वाकतो. ट्रेलर उलाळ झाला तर ताशी ६५ मैलांवर तो शेपटीसारखा हलू लागतो आणि पुढच्या ट्रकलाही हलवतो. तेव्हा आठ हजारांचे तेरा टक्के धरा: १,०४० पौंड. जोडणीची वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, साधारण १००. तुम्ही, बायको, दोन मुलं आणि आई मिळून ६३०, आणि हा आकडा आईला दाखवायचा नाही. मागच्या हौद्यात जनरेटर, बर्फाची पेटी, लाकडं: १५०. झाले १,९२०. आणि स्टिकरवर, समजा, १,४५०. म्हणजे ओढण्याची क्षमता हजारो पौंडांनी शिल्लक आहे आणि ट्रक केव्हाच भरलेला आहे. एवढं मनस्तापाचं गणित सुट्टीच्या आधी कशाला करायचं?

कुणी शंका काढलीच तर म्हणावं, ‘वेट डिस्ट्रिब्यूशन आहे ना!’ ती हिच भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर वाटून देते. वाटून दिला म्हणजे नाहीसा झाला, हे आपल्याला सहकारी पतसंस्थांमुळे ठाऊक आहेच.

मॉडेल सर्वांत वरचं घ्या. काचेचं छप्पर, मालिश करणारी आसनं, आपोआप बाहेर येणारी पायरी. यातल्या प्रत्येकाचं वजन त्या स्टिकरमधूनच वजा होतं, म्हणून ट्रक जितका महाग तितका तो कमी भार घेतो. (हे कळायला मला दीड वर्ष लागलं. मालिश मात्र चांगली होते.)

काही नतद्रष्ट ‘पाऊण टनी घे’ म्हणतील, म्हणजे एक पायरी वरचा, जास्त भार घेणारा ट्रक: एफ-२५०, रॅम २५०० वगैरे. तो ट्रक गॅरेजमध्ये मावत नाही, रिकामा असताना आदळतो आणि शेजारी विचारतात, एवढा कशाला? ऐकू नका. घ्यायचाच असेल तर रॅमचं कमिन्स डिझेल घ्या. किर्लोस्कर-कमिन्समुळे कोथरूडशी आपलं नातं आहे, आणि भावनेपुढे वजन काय चीज! ते इंजिन इतकं जड, की त्या ट्रकची भार घेण्याची मर्यादा बरेचदा पेट्रोलवाल्या भावंडापेक्षा कमी असते. विजेवरचा घेतलात तर आणखी गंमत. मागे आठ फूट रुंद, अकरा फूट उंच भिंत ओढताना त्याचा पल्ला निम्म्यावर येतो, आणि बऱ्याच चार्जिंगच्या जागी ट्रेलर सोडून ठेवल्याशिवाय ट्रक लागत नाही. व्यायाम होतो.

ट्रकस्टॉपवर वजनकाटा असतो. थोडे पैसे देऊन प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन कागदावर मिळतं. असा लेखी पुरावा घरात ठेवू नये.

आता निघा. डेन्व्हरहून पश्चिमेला, डोंगरात चढणारा आय-७० महामार्ग धरा. टर्बो नसलेलं व्ही-८ इंजिन घेतलं असेल तर उत्तमच. हवा विरळ होते तशी दर हजार फूट उंचीला त्याची सुमारे तीन टक्के ताकद कमी होत जाते आणि आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. तिथवर मालवाहू ट्रकही तुम्हाला ओलांडून जातील. त्यांना हात करा. आईला सांगा, ‘खंडाळ्याच्या घाटासारखाच आहे.’ बोगदा संपला की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सरळ उतार. मागचे आठ हजार पौंड आता ढकलायला लागतील, ब्रेकचा वास येईल, आई ‘काही करपलं का रे?’ विचारेल, आणि उजवीकडे ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी केलेला खडीचा चढ दिसेल. नेमका तेव्हाच तो स्टिकर आठवेल. दार उघडू नका. गाडी चालू आहे.