टोलची पावती गाडी ओढून नेत नाही

“टोलची पावती फेकू नका, त्यातच तुमचा हक्क आहे” अशा थाटाचा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. वर्षानुवर्षं तो फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: टोल भरला की त्या पावतीवर सगळं फुकट. कुणाची तब्येत बिघडली तर पावतीवरच्या नंबरला फोन लावा, दहा मिनिटांत ॲम्ब्युलन्स हजर. गाडी बंद पडली तर टोलवालेच टो करून गॅरेजला सोडणार. डिझेल संपलं तर पाच-दहा लिटर आणून देणार. पंक्चरही काढणार. आमच्या ग्रुपवर जो आला त्यात खाली आणखी एक ओळ होती: मग इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्सचे, म्हणजे वाटेत गाडी बंद पडली तर मिळणाऱ्या मदतीचे, पैसे कशाला भरता?

इतके दिवस मी तो वाचून सोडून देत होतो. या पावसाळ्यात त्याने माझ्या बहात्तर वर्षांच्या आत्याला अख्खी रात्र रस्त्यावर काढायला लावली, म्हणून हे लिहितोय.

माझ्या आतेभावाकडे ट्रॅव्हलरवर (मिनीबससारखी गाडी) बांधलेली कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर आहे. दोन बेड, छोटा ओटा, पाण्याची टाकी, टपावर सोलर. जूनमध्ये त्याने पॉलिसी रिन्यू केली आणि रोडसाइड असिस्टन्सचा ॲड-ऑन काढून टाकला. मी विचारलं तर म्हणाला, “अरे, महामार्गावर टोलवाले देतातच की. तो मेसेज नाही का वाचलास?” ऑगस्टमध्ये तो, वहिनी आणि आत्या नृसिंहवाडीला निघाले. खंबाटकी चढतानाच क्लचचा वास येत होता. उंब्रजच्या अलीकडे गाडी रेस घेई, पण पुढे सरकेना. रात्रीचे साडेदहा, वरून पाऊस.

त्याने १०३३ला फोन लावला. इथे मेसेजला एक गोष्ट द्यावीच लागते, मनाविरुद्ध का होईना. हा नंबर खरा आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची ही हेल्पलाइन २०१८पासून चालू आहे आणि टोल घेणाऱ्या कंत्राटदाराला गस्तीची गाडी, ॲम्ब्युलन्स आणि क्रेन ठेवावी लागते. आतेभावाकडेही पाऊण तासाच्या आत माणसं आली. त्यांनी मागे कोन लावले, आत्याला आधी उतरवून बॅरिअरच्या पलीकडे उभं केलं, हुक लावून गाडी सर्व्हिस रोडला घेतली आणि एक पैसा मागितला नाही. माझी त्यांच्याबद्दल काहीही तक्रार नाही. पण त्यानंतर त्यांच्यातला एक जण म्हणाला, “दादा, आमचं काम इथपर्यंत. पुढं तुमचं तुम्ही बघा.”

आतेभावाने त्याला मोबाइलवरचा टोलचा एसएमएस दाखवला. तो बिचारा काय करणार? त्या क्रेनचं काम लेन मोकळी करणं, म्हणजे मागून येणारा ट्रक तुमच्यावर आदळू नये. गाडी बाजूला, सुरक्षित जागी लागली की ते काम संपतं. तुमच्या पुण्यातल्या गॅरेजपर्यंत गाडी नेणं हे दुसरंच काम आहे, त्याची गाडी वेगळी, दर वेगळा, माणसं वेगळी. मेसेज लिहिणाऱ्याने ही दोन कामं एक करून टाकली. सगळा घोटाळा तिथे आहे.

आता कॅरव्हॅनवाल्यांनी नीट वाचावं, कारण साध्या कारपेक्षा आपलं दुखणं वेगळं आहे. कराडहून आधी जी फ्लॅटबेड, म्हणजे बंद गाडी पाठीवर चढवून नेणारा सपाट ट्रक, आली ती कारची होती. ड्रायव्हरने टॉर्च मारून टप पाहिला, मागच्या चाकांपलीकडे आलेला भाग पाहिला आणि नाही म्हणाला. त्याचं बरोबर होतं. उंच टपाची गाडी फ्लॅटबेडवर चढली की जमिनीपासूनची उंची कितीतरी वाढते, वाटेतली कमान आणि वायर कोण मोजत बसणार? मागचा भाग लांब असल्यामुळे रॅम्पवर चढताना तो घासतो. वजन तर विचारूच नका. बेड, टाकीतलं पाणी, बॅटऱ्या, सिलिंडर, सगळं धरलं की ती कारच्या हिशेबातली गाडी राहत नाही.

शेवटी पुढची चाकं उचलून ओढायचं ठरलं. ट्रॅव्हलरचा ड्राइव्ह मागच्या चाकांना असतो. मागची चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढली, तर इंजिन बंद असूनही प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा) आणि गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरत राहतो, ऑइल जिथे पोचायला हवं तिथे पोचत नाही, आणि क्लचच्या खर्चात गिअरबॉक्सची भर पडते. म्हणून आधी शाफ्ट खोलावा लागतो. रात्री साडेबाराला मेकॅनिक ओल्या डांबरावर पोतं टाकून गाडीखाली शिरला. शाफ्ट परत जसाच्या तसा बसावा म्हणून फ्लँजवर, म्हणजे बोल्टने जोडल्या जाणाऱ्या चकतीवर, खूण करायची होती, खडू ओल्यावर उमटेना. वहिनीने पर्समधली नेलपॉलिश काढून दिली. फडक्याने फ्लँज पुसून त्याने दोन्हीकडे लाल रेघ मारली आणि मग बोल्ट सोडले. पुण्याला गाडी पोचली तेव्हा उजाडलं होतं. बिल साडेचौदा हजार. आत्या तेवढा वेळ एका बंद हॉटेलच्या पडवीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होती, गोळ्यांची पिशवी गाडीत राहिलेली.

त्यातला एक रुपयाही कुणी परत देणार नाही, आणि मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ ती हीच, की रोडसाइड असिस्टन्स कशाला. “इन्शुरन्स आहे ना” म्हणणाऱ्यांनी आपल्या पॉलिसीचा कागद उघडून ‘ओन डॅमेज’चा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, भाग वाचावा. २००२च्या इंडिया मोटर टॅरिफपासून (वाहन विम्याची तेव्हाची नियमावली) चालत आलेली भाषा पॅकेज पॉलिसीत, म्हणजे स्वतःची गाडी आणि थर्ड पार्टी दोन्ही धरणाऱ्या पॉलिसीत, अजून दिसते. गाडी उचलून जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेण्याचा वाजवी खर्च कंपनी देते, पण त्याला कमाल मर्यादा आहे: दुचाकीला ३०० रुपये, खासगी कारला १,५००, टॅक्सी आणि तीनचाकी सोडून इतर व्यावसायिक वाहनांना २,५००. एका अपघाताला मिळून एवढेच. अपघाताला! त्याच भागात पुढे वगळलेल्या गोष्टींत यांत्रिक आणि विद्युत बिघाड स्पष्ट लिहिलेला असतो. क्लच जळणं हा अपघात नाही. म्हणजे आतेभावाच्या साडेचौदा हजारांपैकी मूळ पॉलिसीतून मिळायचे शून्य. नुसतं थर्ड पार्टी असेल तर स्वतःची गाडी उचलण्याचा विषयच त्यात येत नाही.

आणखी एक अट त्याच कागदावर आहे, ती फार कमी लोक वाचतात. अपघात झाला किंवा गाडी बंद पडली तर पुढचं नुकसान टाळण्याची योग्य खबरदारी घेतल्याशिवाय गाडी बेवारस सोडायची नाही. मेसेजवर विसंबून “टोलवाले नेतील” म्हणत चावी ठेवून लॉजवर निघून गेलात आणि रात्रीत कुणी सोलर, बॅटरी काढून नेली किंवा मागून ठोकली, तर क्लेमच्या वेळी हीच अट समोर येणार.

बिघाडाच्या टोइंगसाठी ॲड-ऑनच लागतो, नाहीतर वेगळी सेवा. पण तो घेतला म्हणजे सुटलो असंही नाही, हेही मी सांगायला हवं. पुष्कळ प्लॅन कारसाठी बेतलेले असतात. म्हणून पैसे भरण्याआधी ईमेलवर, लेखी, हे विचारा: आरसीवर माझ्या गाडीचं एकूण वजन एवढं आहे, उंची एवढी आहे, तुमची गाडी ती उचलेल का? नोंदणी खासगी चालते की व्यावसायिक? किती किलोमीटर फुकट, आणि ते जवळच्या वर्कशॉपपर्यंत की मी सांगेन तिथपर्यंत? वर्षात किती वेळा? घाटात येता का? शाफ्ट खोलण्याची मजुरी कोण देणार? गाडीतल्या माणसांची सोय होते का? फोनवरचं “हो सर, होऊन जाईल” धरून चालू नका, रात्री साडेअकराला ते बोलणारं कुणी भेटत नाही.

आणि गाडी बांधून घेतली असेल तर ते आरसीवर चढलं आहे का ते बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यावर जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकालही आला. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाहीत. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं स्वतंत्र प्रमाण आहे, आपल्या बांधणीवाल्याने ते पाळलं का हे विचारायला लाजू नका. राज्याचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१मध्ये आलं, त्यानंतर हौसेने गाड्या घेणारे माझ्या ओळखीतही वाढले. कागदांकडे मात्र अजून बरेच जण लक्ष देत नाहीत.

डिझेलचा मुद्दा मला सगळ्यात विचित्र वाटतो. राष्ट्रीय महामार्ग शुल्काचे २००८चे नियम आहेत. त्यात वाहनांचे वर्ग आहेत, दर कसा काढायचा ते आहे, दोन नाक्यांमधलं अंतर आहे, परतीच्या फेरीची सवलत आहे. पाच लिटर डिझेल त्यात कुठेही नाही. गस्तीवरच्या एखाद्या भल्या माणसाने पंपावरून कॅन आणून दिला असेल, मी खोटं म्हणणार नाही. पण तो त्याचा चांगुलपणा. आणि समजा आणून दिलं, तरी डिझेल गाडीत नुसतं ओतून भागत नाही. टाकी पूर्ण कोरडी झाली की लाइन एअर घेते. मग फिल्टरजवळच्या हातपंपाने पंप मारून एअर काढावी लागते. ती कशी काढायची हे माहीत नसलेला माणूस सेल्फ मारत बसतो आणि बॅटरीही उतरवतो. घाटाआधी टाकी भरून घ्यावी, एवढं साधं आहे ते.

ॲम्ब्युलन्सबद्दल जास्त लिहीत नाही. ती मिळते, पण पावती असो वा नसो. टोल न भरलेल्या दुचाकीवाल्यालाही मिळते. दहा मिनिटांची हमी कुणी देऊ शकत नाही. महाराष्ट्रात १०८ आहे, देशभर ११२ आहे, जो आधी लागेल तो लावा. अपघात झाला असेल तर मे २०२५पासून जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना लागू आहे, तिचाही टोलच्या पावतीशी काही संबंध नाही. पंक्चरचं तर राहूच द्या, स्टेपनीत हवा आहे का ते निघण्याआधी बघा. भरलेल्या कॅरव्हॅनला कारचा जॅक पुरत नाही, हेही लक्षात ठेवा.

राहता राहिली ती पावती. फेब्रुवारी २०२१पासून राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर सगळ्या लेन फास्टॅगच्या झाल्या. पैसे खात्यातून जातात, एसएमएस येतो. ज्या कागदाच्या मागचा नंबर बघायला मेसेज सांगतो, तो कागदच आता बहुतेकांच्या हातात येत नाही. तरी तो मेसेज पुढे जातोच आहे, म्हणजे पाठवणाऱ्याने तो स्वतः एकदाही करून पाहिलेला नाही. शिवाय १०३३ हा राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग किंवा समृद्धी रस्ते विकास महामंडळाकडे आहेत, तिथले हेल्पलाइन नंबर वेगळे. ते फलकांवर लिहिलेले असतात, जाता जाता फोटो काढून ठेवा.

कॅरव्हॅन बंद पडली तर एवढं करा. चारही इंडिकेटर लावा, माणसं आधी बाहेर काढा आणि बॅरिअरच्या पलीकडे न्या. आत बेड आहे म्हणून म्हाताऱ्या माणसांना झोपू देण्याचा मोह होतो, तो टाळा. गाडी ओढली जाताना तर आत कुणीच नको. सिलिंडरचा कॉक बंद करा आणि उचलायला आलेल्या माणसाला सिलिंडर कुठे आहे ते सांगा. टाकीतलं पाणी सोडून द्या, तेवढंच वजन कमी होईल. औषधं आणि कागदपत्रं हातात घ्या.

आतेभावाने ग्रुपवरून तो मेसेज काढायला सांगितलंय, स्वतः खाली लिहिलंयही की माझी चूक झाली. रोडसाइड असिस्टन्ससाठी तो आता तीन ठिकाणी बोललाय. दोघांनी वजन ऐकून नाही म्हटलं, तिसऱ्याने लेखी कळवतो म्हणून आरसीची प्रत आणि गाडीचे चारही बाजूंचे फोटो मागवून घेतलेत. आत्याची नृसिंहवाडी राहिली आहे. ती रोज विचारते, त्याचं उत्तर आलं का?